सातवी शीळ

मंगळवार, ८ डिसेंबर १९७०

लेनच्या बेस गिटारच्या पेटीत मेलेला मासा ठेवला. हेरिंग. कालचा.

बारा वाजेपर्यंत कोणाला पत्ता नाही. मग आयव्हर म्हणाला, "लेन, पाय धुतोस की नाही रे?" लेन म्हणतो, "पाय नाहीत, अॅम्प्लिफायर आहे. आत काहीतरी जळतंय." आणि पार्गेटरनं अॅम्प्लिफायर उघडला! सगळे स्क्रू काढून, नीट बशीत ठेवून! मी ड्रमच्या मागे वाकून बुटाची नाडी बांधतोय. बांधतोच आहे. पाऊण तास गेला. अख्ख्या अल्बमला तीन दिवस मिळालेत, त्यातला पाऊण तास माशानं खाल्ला.

पार्गेटर म्हणजे रेकॉर्डिंगवाला. पांढरा कोट घालतो, डॉक्टरसारखा. कानावर पेन्सिल. टेपवर जे जे येतं ते कागदावर टिपतो, कोण खोकलं तेसुद्धा. स्टुडिओ म्हणजे जुनं चॅपेल, बाकं काढून टाकलेली. आवाज वर जातो आणि परत यायला विसरतो. ड्रमला एकदम झकास.

मासा अजून सापडलेला नाही.

बुधवार, ९ डिसेंबर

सापडला. लेननं तो माझ्या कोटाच्या खिशात घातला. बसमध्ये कळलं.

आज वीजवाल्यांच्या संपामुळे दोनदा दिवे गेले. भर दुपारी, टेप चालू असताना. दिवे जाताना टेप मंदावते आणि आयव्हरचा आवाज म्हाताऱ्यासारखा होत होत खाली बसतो. लेन हसून लोळला. आयव्हरला नाही आवडलं. त्याला काहीच आवडत नाही हल्ली. गिटार त्याची, गाणी त्याची, गळा त्याचा. आम्ही दोघं म्हणजे आवाज मोठा करायला.

शेवटचं गाणं खाणीवरचं आहे, नऊ मिनिटांचं. त्याचा बाप, इनॉक, एकतीस वर्षं खाणीत आहे. दिवे येईपर्यंत मेणबत्ती लावून बसलो होतो, तेव्हा आयव्हरनं त्या शीळकऱ्यांचं सांगितलं. आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असतं, पण आयव्हर सांगतो ते घरातलं. सात पाखरं. सहा जण उडत असतात, सातव्याला शोधत. कोणाला दिसत नाहीत, शीळ तेवढी येते. सहा ऐकल्या तर टोपी सारखी करायची आणि चालू लागायचं. सात ऐकल्या तर त्या माणसानं कामावर जायचं नाही. घरी जायचं, बूट काढायचे, वर्तमानपत्रावर ठेवायचे, टोकं भिंतीकडे करून. शिळा ऐकू यायच्या थांबेपर्यंत पायात घालायचे नाहीत. आणि इतरांनी त्याला हसायचं नाही. हा नियम.

लेन म्हणाला, "मग खाणीतले सगळेच रोज ऐकत असतील, विशेषतः सोमवारी."

आयव्हर म्हणाला, "माझ्या आजोबांनी ऐकल्या होत्या. घरी बसले. त्या दिवशी अकरा माणसं गेली."

लेननं मेणबत्तीचं मेण खरवडायला घेतलं.  पण माझ्या डोक्यात किडा वळवळला.

गुरुवार, १० डिसेंबर

केलं!

साडेतीनला दिवे गेले. आयव्हर आणि लेन चिप्स आणायला गेले. दिवे लवकर आले. मी पार्गेटरला म्हटलं, "टेपवरचा आठवा ट्रॅक रिकामा आहे ना? दोन मिनिटं द्या." म्हणाला, "कशाला?" म्हटलं, "कलेसाठी." म्हणाला, "तुझी कला माझ्या अॅम्प्लिफायरला महागात पडते." पण मनातून त्यालाही आयव्हरची तोंडं बघून कंटाळा आलाय. माइक खाली कोळशाच्या तळघरात नेला. तिथं आवाज ओला होतो.

खाणीचं गाणं संपतं ना, गिटार विझत जाते, तिथं दोन बोटं तोंडात घालून मारल्या. सावकाश. एक, मग थोडं थांबून दुसरी. एकूण सहा.

सहाच. सातवी मुद्दाम नाही मारली. भंकस करायची, पण तिलाही कुंपण असतं. शिवाय खरी मजा सहामध्येच आहे. आयव्हर सहापर्यंत मोजणार आणि सातवीची वाट बघत बसणार. त्याचं ते वाट बघणारं तोंड मला बघायचंय.

शुक्रवार, ११ डिसेंबर

काय लिहू? शाळेत निबंधाला कायम भोपळा, आणि आज हात थांबत नाहीये.

मिक्सिंग झालं. पार्गेटरनं शेवटचं गाणं लावलं. गिटार विझली. पहिली शीळ आली. आयव्हर पांढरा पडला. दुसरीला उठला आणि कान झाकून सरळ रस्त्यावर. लेनला माझ्या तोंडावरून कळलं असावं, तो टेबलावर डोकं आपटून हसतोय. पार्गेटर टेलिफोनवर, बायकोशी, किटली कुठे ठेवली यावरून. मी एकटा ऐकतोय. तीन. चार. पाच. सहा.

आणि सात.

लांबून आली. खालच्या सुरात. तळघरातून नाही, तळघराच्याही खालून. माझ्या शिळेत सुरुवातीला थोडी थुंकी ऐकू येते. हिच्यात थुंकी नव्हती.

मी म्हटलं, "पार्गेटर, एको लावलात का?" टेलिफोनवर हात ठेवून म्हणाला, "एको लावला असता तर प्रत्येकीला लागला असता, गाढवा." बरोबर आहे.

लेनला विचारलं, किती होत्या? म्हणाला, "मारल्यास तू, मोजू मी?"

आयव्हर परत आला. "डेनी, खरं सांग. तू मारल्यास?"

मी म्हटलं, "मी? मी कोळसा आणायला गेलो होतो."

का म्हटलं कोणास ठाऊक. सवय. आयव्हर खुर्चीत बसला. मग पार्गेटरला म्हणाला, "पुसू नका. आपण होऊन आल्यात तर पुसणारे आपण कोण?" पार्गेटरनं माझ्याकडे बघून डोळा मारला. मला उलट मारता आला नाही.

रविवार, २० डिसेंबर

कच्ची तबकडी मिळाली. ही मऊ असते, दहा-बारा वेळा वाजवली की झिजून खलास. तरी आयव्हरला आई-बापाला ऐकवायचीच होती. त्यांच्या घरी गेलो. ऑलिव्हनं, म्हणजे आयव्हरच्या आईनं, वाटाणे आणि बेकन केलं होतं. "बाळा, तुझी हाडं दिसतात. ढोल बडवून कोणी जाड झालंय का?" मी तीनदा घेतलं.

इनॉक तबकडी वाजवणाऱ्या रेडिओग्रामला चिकटून बसला, लाकडावर पंजा ठेवून. अख्खी बाजू हललासुद्धा नाही. मधेच म्हणाला, "हे ड्रम कोण वाजवतंय?" म्हटलं, "मी, मिस्टर हिंग्ली." म्हणाला, "छत कोसळतं तेव्हा असाच आवाज येतो." कौतुक होतं बहुतेक.

शेवट आला तसा आयव्हर कोळसा आणायला बाहेर सटकला. त्यानं बापाला शिळांचं आधीच सांगून ठेवलं होतं. ऑलिव्ह भांडी घासत होती. खोलीत मी आणि म्हातारा. तो तबकडीकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

मनाशी म्हटलं, टेपवरून तबकडीवर येताना ती सातवी गळाली असेल. पाच. सहा.

नाही गळाली.

इनॉक म्हणाला, "सात?"

मी मान हलवली. खोटं बोलायला तोंडच उघडेना.

त्यानं वाकून बूट काढले. आजचं वर्तमानपत्र घेतलं, अजून वाचलंही नव्हतं, शेगडीशी पसरलं. बूट ठेवले. टोकं भिंतीकडे.

मंगळवार, २२ डिसेंबर

इनॉक काल कामावर गेला नाही. आज पण नाही. चहा पितो आणि बुटांकडे बघतो.

आता तो जुना जमाना राहिला नाही. मॅनेजर नवा आहे, बाहेरचा. त्याला साठीच्या वरची माणसं कमी करायचीच आहेत, निमित्त पाहिजे. निरोप पाठवलाय, चौथा दिवस पडला तर परत येऊ नका. आणि नियम गेला खड्ड्यात, सकाळी पाळीला जाताना पोरांनी इनॉकच्या खिडकीखाली शिट्ट्या मारल्या. ऑलिव्हनं भांड्यातलं पाणी ओतलं त्यांच्या डोक्यावर.

ती आज आमच्या दारात आली. एप्रन तसाच. म्हणाली, "डेनिस, (डेनिस!) एकतीस वर्षं गेला माणूस. घरी बसवला तर ईस्टरपर्यंत मरेल. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तू लहान असताना माझ्या दाराच्या मुठीला गुळाचा पाक लावायचास, ते कळतं. हे तुझं काम आहे का?"

म्हटलं, "उद्या येतो."

बुधवार, २३ डिसेंबर

गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो.

म्हणजे भानगड अशी आहे. मी मारल्या म्हणून सांगितलं तर म्हातारा कामावर जाईल. पण मी सहाच मारल्या. सहा सांगितल्या तर तो म्हणेल, मग सातवी कोणाची? आणि बूट तिथेच राहतील. म्हणजे कबूल करायचं तर सातही माझ्या म्हणायच्या. आयुष्यात पहिल्यांदा कबुली द्यायला निघालो, आणि तीही खोटी!

इनॉकच्या समोर उभा राहिलो. आयव्हर पण होता. म्हटलं, "मी मारल्या. तळघरात. गंमत म्हणून."

आयव्हर म्हणाला, "साल्या."

इनॉक माझ्या ओठांकडे बघत होता. "किती?"

"सात."

"सातही?"

"सातही, मिस्टर हिंग्ली."

शेगडीत एक निखारा पडला. म्हातारा माझ्या ओठांकडेच बघतोय. मग म्हणाला, "ऑलिव्ह, डबा भर उद्याचा." बस, एवढंच. ना शिवी ना थोबाडीत. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

आयव्हर दारापर्यंत आला. म्हणाला, "त्यांना काही झालं असतं ना, म्हणजे नोकरी गेली असती ना, तर मी तुला..."  मी म्हटलं, "आता नाही होणार काही." 

गुरुवार, २४ डिसेंबर

पाळी दोन वाजता सुटते. दीडपासून खाणीच्या फाटकाशी उभा. चाक फिरलं की माणसांचा पिंजरा खाणीतून वर येतो. चार पिंजरे आले. पाचव्यात इनॉक. काळा, डोळे तेवढे पांढरे.

"तू इथे काय करतोस, पोरा?"

म्हटलं, "बस चुकली."

"इथून बस जात नाही."

"म्हणूनच चुकली."

सोमवार, ४ जानेवारी १९७१

आज पण गेलो. बस चुकली.

सोमवार, १८ जानेवारी

रोज दोन वाजता फाटक. लेन म्हणतो, "खाणीत एखादी पोरगी आहे का रे?" म्हटलं, "आहे. दाढीवाली."

आज टेलिफोनच्या खोक्यातून पार्गेटरला गाठलं. कारखान्यात टेप जायच्या आत ती सातवी कापा म्हटलं. ब्लेडनं टेप कापतात, चिकटपट्टीनं जोडतात, त्याला पाच मिनिटांचं काम. म्हणाला, "माझ्या कागदावर बघून सांगतो." म्हटलं, "कागद बघू नका, टेप ऐका. शेवटची, लांबून येते ती." म्हणाला, "बरं बरं, ऐकतो आणि पत्र टाकतो. आणि मासा तूच ठेवला होतास ना?"

ती गेली की संपलं. रेकॉर्डवर सहा, मी मारल्या सहा. खोटं बोललो तेही जवळजवळ खरं होईल.

बुधवार, २० जानेवारी

टपालवाल्यांचा संप. देशभर एक पत्र हलत नाही. आधी वीज, आता टपाल. पुढच्या महिन्यात पाऊस संपावर जाणार.

शनिवार, १३ फेब्रुवारी

अल्बम आला. काल. म्हणजे दुकानात आला, जगाला कळलेलं नाही. वर्तमानपत्रांना पाठवायच्या प्रती कुठल्याशा टपालाच्या पोत्यात पडल्यात. दुकानदाराला म्हटलं, 'नेलशॉप'ची रेकॉर्ड द्या. म्हणाला, "खिळे समोरच्या दुकानात मिळतात." बँडचं हे नाव, म्हणजे खिळ्यांची भट्टी, आयव्हरनं ठेवलं, त्याच्या आज्या खिळे घडवायच्या म्हणे. शेवटी ख्रिसमसच्या भजनांच्या मागे एक सापडली.

घरी आणली. दुसरी बाजू. सुई एकदम शेवटावर.

सात.

पार्गेटर, लबाड माणसा. कापली नाहीस.

लेनला गाठून म्हटलं, चल, एकदा नीट बसून ऐक आणि मोज. म्हणाला, "डेनी लेका, तुझी गंमत तूच चघळ. दोन महिने झाले." आयव्हरला विचारायची सोय नाही, तो गिटार विझली की सुई उचलतो. अजूनही. माझी कबुली ऐकून पण.

पार्गेटरला टेलिफोन केला. स्टुडिओतली पोरगी म्हणाली, नोकरी सोडून गेला, बहिणीकडे, समुद्रावर कुठेतरी.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

आज पिंजऱ्यात इनॉक नव्हता. पाचव्यात नाही, सहाव्यात नाही. सातवा यायची वाट बघताना मी फाटकाच्या सळया मोजत होतो. 

सातव्यात होता. कोणाचा तरी डबा हरवला म्हणून शोधत बसला होता. माणसं मला बघून म्हणाली, "काय रे, भूत बघितलंस?"

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

इनॉक फाटकातून आला आणि माझ्या दंडाला धरून कठड्यावर बसवलं. उरलेला चहा झाकणात ओतून दिला. कोळशाची चव.

म्हणाला, "दोन महिने बस चुकतेय तुझी. आता बोल."

मी म्हटलं, "तुम्ही सुखरूप वर येता की नाही ते बघतो."

"का? शिळा तर तुझ्याच होत्या."

मी चहा पीत बसलो. मग सांगितलं. सहा माझ्या. सातवी नाही. सगळं. रेकॉर्डवर अजून आहे तेसुद्धा.

मला वाटलं आता बूट निघणार. पण म्हातारा हसला. असा हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं, काळ्या तोंडात चार दात. म्हणाला, "पोरा, कोळसा कापायच्या यंत्रानं माझे कान नेले, झाली पंधरा वर्षं. जाड आवाज येतो, पोटात. बारीक काही येत नाही. किटली नाही, पाखरं नाहीत, ऑलिव्ह चिडली की तीही नाही. मी एकही शीळ ऐकलेली नाही. कान गेलेली आम्ही सगळीच म्हातारी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. छत कुरकुरलं तरी तोंडाकडे, शिळा आल्या तरी तोंडाकडे. त्या रविवारी मी तुझं तोंड बघितलं."

"मग डिसेंबरात कबुली ऐकून गेलात कसे?"

"तेव्हा पण तुझं तोंड बघितलं. खोटं बोलत होतास. पण माझ्यासाठी घाबरला होतास, म्हटलं, पोरगा एवढं करतोय तर जावं. उद्यापासून येऊ नकोस. लोक मला दाई मिळाली म्हणतात."

घरी येताना चक्क शीळ घालत आलो. मग लक्षात आलं आणि बंद केली.

शनिवार, ६ मार्च

लंडनचा कार्यक्रम मिळाला! बुधवारी. मोठ्या हॉलमध्ये, मोठ्या बँडच्या आधी, अर्धा तास. आयव्हर चक्क हसला. म्हणाला, "अल्बम कोणी ऐकला नाही तर काय, आपणच जाऊन ऐकवू." सकाळी नऊला निघायचं. टपालाचा संप पण मिटतोय म्हणे.

लेनच्या सीटखाली मासा ठेवायचा विचार आहे. नशिबासाठी.

बुधवार, १० मार्च

पावणेनऊ. टपाल आलं. पार्गेटरचं पत्र, तारीख १९ जानेवारी.

"डेनी, टेप तीनदा ऐकली. मीटरचा काटा हलतो का तेही बघितलं. माझ्या कागदावर सहा लिहिल्यात आणि टेपवर सहाच आहेत. त्यानंतर काही नाही, नुसती टेप सरकते. म्हणून काही कापलं नाही. कान दाखव कोणाला तरी."

खाली लेन हॉर्न मारतोय. आयव्हर हाका मारतोय, की मला खाली बोलवायला पण आता अर्ज करायचा का.

मोजल्या कोणी होत्या? लेननं नाही. आयव्हरनं नाही. म्हाताऱ्याला तर ऐकूच येत नाही. उरलो मी एकटा.

रेकॉर्ड पाकिटात आहे. खिडकी लावलेली आहे. हॉर्न थांबला की मधल्या जागेत काहीतरी येतंय, लांबून, खालच्या सुरात. मी मोजत नाहीये.

बूट काढले. कालच्या वर्तमानपत्रावर ठेवले. टोकं भिंतीकडे.